म्हैस कोणी पुसायची?

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे आणि मला राग आलेला आहे. माणूस रागावला की लाल होतो, काळानिळा होतो. मी मुळातच काळा. त्यामुळे बहात्तर सालापासून मी रागावलेला आहे हे कोणाच्या लक्षात आलेलं नाही. उलट दर पंधरा ऑगस्टला माझ्यासमोर उदबत्ती लावतात आणि धूर माझ्याच तोंडावर सोडतात.

माझा मुक्काम सध्या आमच्या गावच्या सहकारी दूध संस्थेच्या कचेरीत आहे. गाव संगमनेरच्या अलीकडे, नाशिक-पुणे रस्त्याला लागून. कचेरीत शिरलं की समोरच्या भिंतीवर मी. माझ्यावर काच बसवली आहे, काचेभोवती सोनेरी पट्टी आहे आणि पट्टीवर प्लास्टिकचा हार आहे. माझ्या अंगावर खडूने काढलेली एक म्हैस आहे. ती कोणी पुसत नाही. फळ्याच्या अंगावरचं पुसलंच नाही, तर त्याला फळा का म्हणायचं, हा प्रश्न संस्थेच्या एकाही सभेत निघालेला नाही.

माझा जन्म एका सुताराकडे झाला. आंब्याच्या फळ्या जोडून त्याने मला उभा केला, बॅटरीच्या जुन्या सेलमधला कोळसा पाल्याच्या रसात खलून माझ्या अंगाला फासला. मी शाळेसाठी होतो. पण माझ्या मधोमध एक भेग पडली. शाळाखात्याचे साहेब तपासणीला आले, त्यांनी भेगेत बोट घालून पाहिलं आणि म्हणाले, “यावर लिहिलेलं शिक्षण सरळ जाणार नाही.” झालं. मी नापास झालो. शाळेत पाऊल न टाकता नापास झालेला विद्यार्थी या जिल्ह्यात तरी मी एकटाच असेन.

मला छगनने उचललं. छगनचं रस्त्यावर चहाचं हॉटेल होतं. हॉटेल छगनच्या नावावर, आणि भट्टी, पातेलं, गिऱ्हाईक, भांडण हे सगळं त्याच्या बायकोच्या, गोजरबाईच्या हाती. छगन खुर्चीवर बसून ‘या, बसा’ म्हणायचा. त्याने मला बाहेरच्या भिंतीवर टांगलं आणि माझ्यावर लिहिलं: चहा, भजी, शेव. तिन्ही पदार्थ कायम तेच असल्यामुळे मला पुसायची वेळ येत नसे. मला वाटलं, आयुष्य असंच जाणार.

मग मच्छिंद्र आला.

मच्छिंद्र पेंटर होता. दुकानांच्या पाट्या रंगवायचा, बैलगाडीच्या मागच्या फळीवर मोर काढायचा, निवडणूक आली की भिंतीवर हात दुखेपर्यंत दुसऱ्यांची नावं लिहायचा. तिरसट माणूस. एका शनिवारी, बाजाराच्या दिवशी, तो चहाची वाट बघत बसला होता. शेजारी साळूबाई भाजीवाली वांग्यांचा वाटा लावत होती. ती म्हणाली, “पेंटर, रिकामा बसलायस तर ह्या माझ्या वांग्याचं चित्र काढ.”

“चहा उकळायच्या आत काढतो,” मच्छिंद्र म्हणाला. त्याने माझ्यावरचा चहा पुसला, भजी पुसली, शेव पुसली आणि खडू धरला. वांगं आलं. वांग्याला देठाच्या जागी टोपी आली, टोपीखाली मिशा आल्या, आणि बघता बघता ते वांगं गावच्या तलाठ्यासारखं दिसायला लागलं. भट्टीवरचा चहा वर आला तेव्हा मच्छिंद्रने खडू खाली ठेवला होता. बाजार हसत होता. तलाठीही आला, त्यानेही पाहिलं आणि म्हणाला, “वांगं चांगलं जमलंय.”

त्या दिवसापासून रिवाजच पडला. शनिवारी बाजार भरला की पहिला कप जो घेईल त्याने विषय द्यायचा. चहा उकळायच्या आत मच्छिंद्रने चित्र संपवायचं. चित्र अडलेलं दिसलं तर गोजरबाई हळूच भट्टीतलं लाकूड मागे ओढायची. छगन ओरडायचा, “अगं जाळ कमी झालाय.” ती म्हणायची, “लाकूड ओलं हाय.”

काय काय निघालं म्हणून सांगू. कोणी म्हणालं, ‘एस.टी.’ मच्छिंद्रने थांब्यावर बसलेला म्हातारा काढला, त्याची दाढी जमिनीला टेकून पुढे रस्त्यावर गेलेली. कोणी म्हणालं, ‘शेजारी.’ त्याने दोन घरं काढली, मधे भिंत काढली आणि भिंतीला कान काढला. एका मास्तरांनी मुद्दाम अवघड म्हणून ‘आनंद’ दिला. मच्छिंद्रने जू खाली पडलेलं काढलं आणि बाभळीच्या बुंध्याला पाठ घासणारा बैल काढला. मास्तर बराच वेळ उभे राहिले. नंतर त्यांनीही स्वतःची पाठ खांबाला घासून पाहिली.

पुसण्यावरून एकदा भांडण झालं. सोपान नावाचा एक शेतकरी होता, दूध संस्थेचा सभासद. त्याने विषय दिला ‘माझी म्हैस’, आणि त्याच्या भावकीतल्या कोणीतरी येऊन दुपारीच ते चित्र पुसलं. सोपान काठी घेऊन निघाला. तेव्हा मच्छिंद्रने सगळ्यांसमोर नियम केला.

“ज्यानं इषय दिला त्यानंच पुसायचं. बाजार उठल्यावर, आपल्या हातानं. दुसऱ्यानं फडक्याला हात लावायचा न्हाई. मीबी न्हाई.”

हा नियम सगळ्यांना आवडला. संध्याकाळी साळूबाई ओलं फडकं घेऊन आपलं वांगं पुसायची तेव्हा अशी पुसायची, जणू काही न्हाऊ घालते आहे. मित्रांनो, मी सांगतो, फळ्याला चित्र काढलेलं आवडतंच. पण पुसल्यावर अंगाला गार वारा लागतो आणि पुढच्या शनिवारी काय येईल याची जी हुरहूर लागते, तिची सर चित्राला नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. प्रवरेच्या पात्रात माणसं पाण्यासाठी झिरे खणू लागली. बाजारात भाजी कमी आणि जनावरं जास्त दिसू लागली. दूध संस्थेकडे सभासदांच्या जनावरांसाठी सरकी पेंडीची पोती आली. संस्थेचे चेअरमन होते रंभाजीराव. ते म्हणाले, गोदामाला उंदीर आहेत, पेंड सुरक्षित जागी ठेवावी. सगळ्यात सुरक्षित जागा म्हणजे त्यांचा स्वतःचा गोठा. पोती तिकडे गेली. तिथे उंदीर नव्हते, म्हशी होत्या. सोपानचं पारडू त्याच महिन्यात मेलं. गावात सगळ्यांना सगळं माहीत होतं आणि कोणी काही बोलत नव्हतं. आमच्या गावात ही दोन्ही कामं एकदम करता येतात.

अशा एका शनिवारी जीप थांबली. रंभाजीराव उतरले, मागून संस्थेचे सेक्रेटरी उतरले. रंभाजीरावांनी पहिला कप हातात घेतला.

“मच्छ्या, मी इषय दिला तर चालंल ना?”

“पहिला कप ज्याचा, त्याचा इषय, साहेब.”

“मग लिही. संस्थेची प्रगती.”

“लिहायचं नसतं साहेब, काढायचं असतं,” गोजरबाई भट्टीजवळून म्हणाली.

मच्छिंद्रने माझ्याकडे पाहिलं. त्याचा हात एवढा जड मला कधी लागला नव्हता. त्याने एक म्हैस काढली. तुकतुकीत, मांसल, गळ्यात हार घातलेली. तिचं तोंड गव्हाणीत होतं आणि गव्हाण काठोकाठ भरलेली होती. म्हशीच्या मागे त्याने पारडी काढली. बरगड्या दिसणारी, जीभ बाहेर आलेली, गव्हाणीकडे बघत उभी असलेली. त्यांच्या आणि गव्हाणीच्या मधे म्हशीचा मागचा भाग होता. गोजरबाईने लाकूड ओढलं नाही. गरजच पडली नाही.

सोपान पुढे येऊन बघत होता. साळूबाईने तराजू खाली ठेवला. रंभाजीराव माझ्यासमोर उभे राहिले. त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकला, प्याला, आणि पुन्हा पाहिलं.

“वा,” ते म्हणाले. “काय जनावर हाय. अंग कसं भरलंय बघा.”

“अगदी आपल्या गोठ्यातली वाटते,” सेक्रेटरी म्हणाले.

“आन् ही मागं कोन?”

सेक्रेटरींनी चष्मा वर केला. “ती पुढची पिढी, साहेब. संस्थेकडे आशेने बघते आहे.”

“बराबर,” रंभाजीराव म्हणाले. “ह्याला म्हनत्यात कला.” आणि जीपमध्ये बसून गेले.

संध्याकाळी बाजार उठला. गोजरबाईने फडकं ओलं करून ठेवलं होतं. ज्याचा विषय तो आला नाही. रात्रभर म्हैस माझ्या अंगावर राहिली. पुढच्या शनिवारीही ती होतीच, म्हणून नवीन चित्र निघालं नाही. छगन म्हणाला, “पूस की रं. येवढं काय त्यात.”

“नियम माझाच हाय,” मच्छिंद्र म्हणाला. “आज मी मोडला, तर उद्या कुनाच्याबी इषयावर कुनीबी फडकं फिरवंल. पहिलं तर हे चेअरमनवालेच फिरवतील.”

तो फडकं घेऊन रंभाजीरावांकडे गेला. तिथे काय झालं ते त्याने परत आल्यावर गोजरबाईला सांगितलं, म्हणून मला कळलं.

“साहेब म्हनले, खुळा का काय तू? येवढं सोन्यासारखं चित्र मी माझ्या हातानं पुसू?”

“मंग?”

“मी म्हनलं, साहेब, चित्र पुसायसाठीच असतंय. तर म्हनले, मच्छ्या, तुला तुझी किंमत कळंना, आमाला कळती.”

दुसऱ्या दिवशी संस्थेचे दोन शिपाई आले आणि मला उतरवून घेऊन गेले. काच आली, सोनेरी पट्टी आली, हार आला. माझं भाग्य उजळलं, असं सगळे म्हणाले. एवढी काळजी माझी जन्मात कोणी घेतली नव्हती. शाळेची पोरं रांगेने बघायला आणली. त्यांच्या मास्तरांनी सांगितलं, “बघा, आपल्या गावच्या कलाकाराने संस्थेचा गौरव कसा केला आहे.”

आता मला सगळ्यात जास्त राग ज्याचा आला ते सांगतो. ज्या दिवशी चित्र निघालं त्या दिवशी बाजारातल्या एकूण एक माणसाला त्याचा अर्थ कळला होता. मी त्यांची तोंडं पाहिली आहेत. पण चेअरमनसाहेब खूश झाले आणि गावाचं एकदम डोकं फिरलं. साहेब हसले म्हणजे आपल्याच समजण्यात काही चूक झाली असणार, असं ज्याला त्याला वाटायला लागलं. महिनाभरात गावाने ठरवून टाकलं की मच्छिंद्रने चेअरमनची स्तुती केली आहे.

कचेरीच्या दारातून मला समोरचं हॉटेल दिसतं आणि तिथलं बोलणंही ऐकू येतं. सोपान मच्छिंद्रला रस्त्यातच धरायचा.

“काय पेंटरसाहेब, पेंडीचं पोतं आलं का घरी?”

“सोपानदादा, तू हुतास की तिथं. तुला न्हाई कळलं?”

“मला येवढंच कळलं, तुझं चित्र काचंत हाय आन् माझं पारडू खड्ड्यात.”

मच्छिंद्र रंगाचे डबे उचलून पुढे जायचा. पाट्या रंगवणाऱ्या माणसाला नाव म्हणजे काय ते बरोबर ठाऊक असतं, दुसऱ्यांची रंगवून रंगवून. त्याचं स्वतःचं नाव त्या काचेखाली अडकलं होतं. म्हैस पुसल्याशिवाय ते सुटणार नव्हतं आणि म्हैस एकट्या रंभाजीरावांनाच पुसता येत होती.

संस्थेची वार्षिक सभा कचेरीतच भरली. ‘चित्रकाराचा सत्कार’ असा विषय होता, पेंडीच्या विषयाच्या जरा आधी, म्हणजे टाळ्या वाजवून माणसं दमलेली असावीत. मच्छिंद्र सत्काराला येणार नाही असं मला वाटलं होतं. तो आला. धुतलेला सदरा घालून आला. रंभाजीरावांनी त्याला शाल दिली, नारळ दिला आणि दोन शब्द बोलायला सांगितलं.

मच्छिंद्रने शाल घडी घालून टेबलावर ठेवली. माझ्याकडे बोट केलं.

“साहेब, ही म्हैस म्हंजे तुमी. गव्हानीत पेंड हाय. ती संस्थेची हाय. आता इषय तुमचा, तवा तुमच्या हातानं पुसा.”

कचेरीत एवढी शांतता झाली की माझ्या काचेवर बसलेल्या माशीचे पाय वाजले. मला वाटलं, आता काच फुटणार. मी तयार होतो.

रंभाजीराव हसले. आधी हळू, मग पोट धरून. सेक्रेटरींची टाळी घेतली. “बघा,” ते म्हणाले, “कलावंत किती मिश्कील हाय. मला म्हैस म्हनतो. अहो, म्हैस काय वाईट जनावर हाय? तिच्यावर तर संस्था उभी हाय.” टाळ्या झाल्या.

आणि मग सोपान उठला. मला वाटलं, आता हा पेंडीचं विचारणार.

“थांबा,” सोपान म्हणाला. “साहेब म्हैस असतील, तर ही मागची पारडी कोन?”

मच्छिंद्र म्हणाला, “आपन.”

“आमी? जीभ भाईर काढून हुबी ऱ्हानारी? बरगड्या मोजायला लावनारी?”

“आमची चेष्टा करतो का रं?” मागून कोणीतरी म्हणालं. “सभासदांचा अपमान हाय ह्यो,” आणखी कोणी म्हणालं. माणसं उभी राहिली. पेंड खाल्लेल्या माणसावर गेल्या वर्षभरात जो आवाज निघाला नव्हता, तो चित्र काढलेल्या माणसावर निघाला. ठराव झाला: मच्छिंद्रने सभासदांची माफी मागावी, तोवर त्याला कोणी विषय देऊ नये. रंभाजीरावांनी मन मोठं करून सांगितलं, “जाऊ द्या, कलाकार मानूस हाय.” पेंडीचा विषय वेळेअभावी पुढे ढकलला. शाल टेबलावरच राहिली, ती पुढे सेक्रेटरींच्या सासऱ्यांना झाली.

मी भिंतीवरून हे सगळं पाहिलं. माझी भेग त्या दिवशी वीतभर वाढली. संस्थेने सुतार बोलावून तीत लांबीचा लगदा भरला. काळजी घेण्यात संस्था कमी पडत नाही.

पुढच्या शनिवारी बाजार भरला. समोर गोजरबाईने चहा उकळला आणि पहिला कप भरून बाकावर ठेवला. कोणी घेईना. मी काचेत गेलो तरी रिवाज गेला नव्हता. पहिला कप घेतला की विषय द्यावा लागेल, आणि विषय द्यायचा नाही असा ठराव. बरं, पहिला घेतल्याशिवाय दुसरा कसा घ्यायचा? माणसं हॉटेलसमोर उभी राहिली, चहाच्या वासावर. कपावर साय धरली. मच्छिंद्र भिंतीला टेकून बसला होता. जिथे मी टांगलेला असे तिथे भिंतीचा एक चौकोन जरा उजळ राहिला होता, त्याच्याच खाली. तो निघून जाणार हे मला त्याच्या बसण्यावरून कळलं. रंगाचे डबे त्याने बांधून आणले होते.

“कुठं निघाला?” गोजरबाईने विचारलं.

“नाशिकला. तिथं बोर्ड रंगवनारे लागत्यात.”

“माफी माग आन् मोकळा हो,” छगन म्हणाला.

“कशाची मागू, ते सांगा आदी.”

गोजरबाईने पदराला हात पुसले. बाकावरचा गार झालेला कप उचलला, सगळ्यांच्या समोर तोंडाला लावला आणि सायीसकट एका दमात प्याली. इतकी वर्षं तिने हजारो कप भरले होते. पहिला कप ती पहिल्यांदाच प्याली.

“इषय माझा,” ती म्हणाली. “पारडी काढ.”

मच्छिंद्र उठेना. “वैनी, त्याच्यावरनंच तर—”

“ऐकून घे. पारडी काढ. पन ह्या खेपंला त्यास्नी शिंगं काढ.”

माणसं हलली नाहीत. मच्छिंद्रने भट्टीतला विझका कोळसा उचलला आणि त्या उजळ चौकोनात हात चालवायला सुरुवात केली. पारडी उमटली. बरगड्या त्याच होत्या. पण माना खाली होत्या, पाय रोवलेले होते, आणि शिंगं होती. गोजरबाई भिंतीपाशी उभी होती, भट्टीकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. चहा उतू गेला. छगनसुद्धा खुर्चीवरून उठून चित्रच बघत होता.

सोपान गर्दीतून पुढे आला. बराच वेळ त्याने चित्र पाहिलं.

“माझं ह्यात न्हाई,” तो म्हणाला. “माझं शिंगं फुटायच्या आदीच गेलं.”

मच्छिंद्रने कोळसा बदलला. पारड्यांच्या रांगेत एक जागा मोकळी होती. तिथे त्याने एक खुंटा काढला आणि खुंट्याला रिकामं दावं. सोपानने डोक्यावरचा पटका काढून हातात घेतला. तसा तो का काढला, ते त्याचं त्यालाही माहीत नसावं.

रंभाजीराव कचेरीत माझ्यासमोरच्या खुर्चीवरून उठून दारात गेले. त्यांनी रस्त्यापलीकडे पाहिलं. या वेळी ते हसले नाहीत. या वेळी त्यांना सेक्रेटरींना काही विचारावं लागलं नाही.

“ए,” ते म्हणाले, “पुसा रं ते कुनीतरी.”

कोणी हललं नाही. रंभाजीराव रस्त्याच्या मधोमध गेले. “पुसा म्हनतो ना.”

“पुसता येत न्हाई साहेब,” सोपान म्हणाला. “इषय गोजरबाईचा हाय.”

रंभाजीरावांनी गोजरबाईकडे पाहिलं. ती भट्टीकडे वळली होती, नवीन आधण ठेवत होती.

“पुशीन की,” ती पाठमोरीच म्हणाली. “बाजार उठू द्या. कवा उठायचा ते आज बाजाराला ठरवू द्या.”

मित्रांनो, त्या संध्याकाळी बाजार उठला नाही. भाजी संपली, पाट्या रिकाम्या झाल्या, तरी माणसं बसून होती. अंधार पडायला लागला तसे कोणी कंदील आणले. मग सोपान आधी उठला आणि रंभाजीरावांच्या गोठ्याच्या वाटेला लागला, आणि त्याच्यामागून बाकीचे. गोठ्यात काय झालं ते मी पाहिलं नाही, मी काचेत होतो. सकाळी पेंडीची उरलेली पोती कचेरीच्या ओट्यावर होती. आणि मच्छिंद्रचे रंगाचे डबे हॉटेलच्या बाकाखाली होते, गाठ सोडलेले.

माझं म्हणाल तर मी होतो तिथेच आहे. म्हैस माझ्या अंगावर आहे आणि रंभाजीरावही खुर्चीवर आहेत. तुम्हालाही कधीतरी रांगेने इथे आणतील, हात लावू नका म्हणतील, जुनी वस्तू आहे, जपली पाहिजे म्हणतील. त्यांचं ऐकू नका. ज्या चित्राचा शनिवार संपला ते जपणं म्हणजे पुढच्या शनिवारचा गळा दाबणं. मला ऊन लागू द्या, पाणी लागू द्या, माझ्यावर वेडंवाकडं काढा आणि तुमच्या हाताने पुसा. फक्त ही म्हैस तुम्ही पुसू नका, तिचा विषय तुमचा नाही. चेअरमनसाहेब इथे समोरच बसतात. दोघं जण हाताला धरा, दोघं मागून रेटा आणि त्यांना माझ्यापर्यंत घेऊन या. फडकं गोजरबाई देईल.